ताकातली मुळी

मी, सुमंगला झिलू मिराशी, वय चौतीस, धंदा शेती व घरकाम, राहणार गुंद, तालुका जोयडा, जिल्हा उत्तर कन्नड, ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की,

घरी मी, माझे पती झिलू व सासू गिरजा असे राहतो. पतींना दारूचे व्यसन. बाजारकुणंगचे नागू दारू सोडवण्याची मुळी देतात. ती उगाळून पिणाऱ्याच्या नकळत ताकातून द्यायची व कोणापाशी बोलायचे नाही, बोलले की गुण जातो, अशी त्यांची अट. मी अट पाळली.

गेल्या अमावास्येला सकाळी पेजेबरोबरच्या ताकात मी मुळी घातली. थोड्या वेळाने पतींना उलट्या सुरू झाल्या. उलटीवाटे दारू बाहेर पडते, असे नागूंनी सांगितले होते, म्हणून मला आनंद झाला. सासूबाईही देवापुढे दिवा लावताना हसत होत्या. का हसतात, ते मी विचारले नाही.

दुपारी पती मला ओळखेनात. तेव्हा आम्हा दोघींच्या तोंडून एकदमच निघाले, "मुळी!" सासूबाईंनीही नागूंकडूनच मुळी आणून, तीच अट पाळून, त्याच सकाळी दिली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी मुळीचे नाव विचारले. मी नागूंना फोन केला. ते म्हणाले, "नाव सांगितलं तर पुढच्याला गुण यायचा न्हाई." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण त्या मुठीत माझा नवरा होता. मला त्यांचा राग आला, तो अजून आहे.

पती वाचले. त्यांना धरून उठवावे लागते, दारूच्या दुकानापर्यंत चालवत नाही. गावात मात्र नागूंच्या औषधाने झिलूची सुटली, अशी बोलवा आहे. ज्यांना गुण आला नाही त्यांच्या घरची माणसे अटीप्रमाणे गप्प असतील. ती किती, हे कोण मोजणार?

आज सकाळी नंदिगड्ड्याच्या फुलाबाई चौकशीला आल्या. त्यांचा मुलगा पितो. मी त्यांना पतींच्या खाटेजवळ बसवून झाले ते सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले व विचारले, "पर आता पीत न्हाईत न्हवं?"

मी म्हटले, "न्हाई."

त्या उठल्या व थेट बाजारकुणंगच्या वाटेला लागल्या. म्हणून मी ठाण्यात आले.

जबाब मला मराठीतून वाचून दाखवला. मी सांगितले तसाच आहे, दुरुस्ती नाही. आधी फुलाबाईंच्या घरी माणूस पाठवा, मग माझी सही घ्या.