वार कुणाची

असियूत शहरातल्या मोठ्या इस्पितळात, डोळ्यांच्या विभागात, नंबराची वाट पाहणाऱ्या नज्लाच्या पुढच्या बाकावर सासू-सून बसल्या होत्या. चुना उडून सासूचा डोळा भाजला होता.

“डॉक्टर डोळ्यावर काय लावणार गं?”

“बाळामागून पडते त्या वारेचा पापुद्रा. बाळंतिणींकडून घेतात. त्यानं डोळ्याची जखम भरून येते.”

“मुलाचीच वार बघ हं. मुलीची मेली नको मला.”

“विचारलं मी, सासूबाई. मुलाची एकही नाही.”

“अशी कशी नाही? एवढे मुलगे होतात इथे!”

“मुलाची वार तुमच्यासारख्या सासवा उंबऱ्याखाली पुरायला घरी नेतात. मुलीची इथेच टाकून जातात. माझ्या तिघींची टाकलीत, तशी.”

सासूनं पिशवी उचलली. नज्लाला वाटलं, आता उठून जाते की काय.

“मग नको म्हणून सांगू डॉक्टरांना?”

“लावू दे. घरी मात्र मुलाचीच होती म्हणून सांगायचं.”