रानबदक खायचं कोणी सोडलं?

माझं नाव दाऊद, गाव बाणकोटच्या खाडीकाठी, शाळा चौथीपर्यंत आणि तीही रडत, एवढं आधी लिहून घ्या. बावा, माझा बाप, खाजणात भात करायचा आणि थंडीत अडई मारायचा. अडई म्हंजे रानबदक, शीळ घातल्यासारखं ओरडतं. आमच्याकडं ठासणीची बंदूक होती, दारू ठासा, चिंधी ठासा, छर्रे ठासा, तोवर अर्धी बदकं उडून गेलेली. बार काढायच्या आधी बावा मोठ्यानं बिस्मिल्ला म्हणायचा. मी म्हणायचो बावा हळू म्हण, बदकं ऐकतायत. तर म्हणायचा ऐकू देत, वरच्यानं ऐकली म्हंजे झालं. मग मी कमरेएवढ्या चिखलात, पडलेलं बदक दम जायच्या आत काठाला आणायचं आणि सुरी फिरवायची. बिस्मिल्ला नाय तर पातेल्यात नाय, असा आमच्या घरचा कायदा.

तर काय सांगू तुम्हाला, तेवढी एक विद्या घेऊन मी मस्कतच्या मुलखात, इथं सहमला आलो. अर्बाबच्या, म्हंजे मालकाच्या, बागेत कामाला लागलो, खजूर, लिंबं, गुरांचा चारा, पंप चालवायचा. पहिल्याच थंडीत अर्बाब बंदूक घेऊन निघाला, मला म्हणाला यल्ला दाऊद, खोरावर. खोर म्हंजे आपली खाडीच हो, वादीचं, म्हंजे ओढ्याचं, पाणी समुद्राला मिळतं ना, तिथं साचलेलं, बाजूला वेतासारखी उंच झाडी. आणि तिथं बदकं! रशियातून येतात म्हणे, इतक्या लांबून, कशाला येतात देव जाणे. अर्बाबनं बार काढला आणि मी सवयीनं पाण्यात. तो काठावरनं ओरडतोय अरे थांब, थांब, आणि मी बदक घेऊन परत सुद्धा आलो. त्या दिवसापासून अर्बाब माझ्याशिवाय कधी शिकारीला गेला नाय.

हलिमा आठ वर्षांनी आली. माझी बायको. अर्बाबनंच व्हिसा काढला, बागेतल्या दोन खोल्या दिल्या. तोंडानं फटकळ. पहिल्यांदा बदक नेऊन दिलं तर आधी विचारलं, अवो, बिस्मिल्ला कोणी केली? म्हटलं अर्बाबनं. तुम्ही ऐकलीव? म्हटलं ऐकली. मगच हात लावला. दर वेळी हेच. पिसं नुसती उपटून भागत नाय, सगळं कातडंच सोलून काढायची, कारण चिखलाचा वास कातड्यात असतो, आणि शेपटीवरची तेलाची गाठ आधी कापून टाकायची, ती राहिली तर अख्खं पातेलं फुकट. मग चिंचेच्या कोळात मुरवायचं, भाजल्या खोबऱ्याचं वाटण, मिरी जास्त, सोबत सांदणं. खाताना दाताखाली छर्रा आला की ताटाच्या कडेला ठेवायचा. अर्बाबच्या घरी सुकं लिंबू घालून भातात करायचे, तेही चांगलं, पण अर्बाब शुक्रवारी हळूच वाटी घेऊन आमच्या दाराशी यायचा. एवढा मोठा माणूस, वाटी घेऊन.

आता कोण खातं? कोणी नाय. मारायला बंदी हाय, आणि ती असायलाच पाहिजे, मी काय तिच्या विरुद्ध नाय. पण खरं सांगू का, बंदीची वाट कोणी बघितलीच नाय. त्याच्या कितीतरी आधीच लोकांनी सोडलं होतं. मला याचं फार नवल वाटतं. माणूस तोंडची चव अशी कशी सोडतो? मी दिसेल त्याला विचारतो. वाण्याला विचारलं, तो केरळचा, तो म्हणाला चाचा, फ्रीजमध्ये कोंबडी आली ना, खलास. अर्बाब होता तेव्हा त्याला विचारलं होतं, तो म्हणाला दाऊद, भूक होती म्हणून चव होती. त्याचा मुलगा सालिम, मस्कतला ऑफिसात हाय, तो तर अजून थंडीत खोरावर जातो, दुर्बीण घेऊन, बदकं मोजतो आणि वहीत लिहितो. मी म्हटलं मोजून काय करतोस, खायची नाय, विकायची नाय. तो हसला, म्हणाला चाचा, बाबा पण अर्धा वेळ नुसते बघतच बसायचे, तुला माहीत नाय का? मला माहीत होतं.

पण मी एवढं विचारत फिरतो त्याला कारण हाय, ते सांगतो. तुम्ही मस्कतच्या घुब्र्याहून एवढे लांब लिहून घ्यायला आलात, लपवून काय करू.

मागच्या थंडीत हलिमा आजारी होती. पोटाचं दुखणं. डॉक्टरनं सालिमला बाजूला घेऊन सांगितलं, सालिमनं मला. ती काय खाईना. पेज नको, दूध नको. एक दिवस म्हणाली, अवो, ते रानबदक मिळालं असतं तर दोन घास गेले असते. म्हटलं आणतो. तोंडातून निघून गेलं. दुसऱ्या दिवशी खोरावर जाऊन बसलो. बदकं होती, पन्नासेक तरी, माझ्याकडं ढुंकून बघत नव्हती. अर्बाब गेला, बंदूक सरकारात जमा झाली, आणि असती तरी मी चोरून मारलं नसतं. उन्हं चढेस्तोवर बसलो आणि उठून दुकानात गेलो. फ्रीजमधलं बदक घेतलं, गोरं, लठ्ठ, पिशवीतलं.

घरी आणून मीच रांधलं. आयुष्यात पहिल्यांदा. तिला बघून बघून जेवढं लक्षात होतं तेवढं. आणि मग डोकं चालवलं, तिला खरं वाटावं म्हणून. मासे धरायच्या गळाचं शिसं होतं माझ्याकडं, त्याचा कण कापला, दगडावर घोळवून गोल केला आणि मांडीच्या मांसात खुपसला. बघा केवढी अक्कल. तिला टेकून बसवलं, भरवलं, तिसऱ्या घासाला कण लागला. तिनं बोटानं काढला, ताटाच्या कडेला ठेवला, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, बिस्मिल्ला कोणी केली?

म्हटलं मी केली.

सात घास खाल्लेन. बारा दिवसांनी गेली. इथंच सहमच्या कबरस्तानात हाय.

आमच्यात माणूस जायच्या आधी एकमेकांकडून कहासुना, म्हंजे बोललंचाललं, माफ करून घेतात. मी घेतला नाय. ती माझ्याकडं बघायची आणि मी उठून पाणी आणायला जायचो. नुसतं बदकाचं खोटं असतं तर चाललं असतं, नवराबायकोत चालतं. पण खुदाचं नाव घातलं मी त्यात. आणि मला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की तिला कळलं होतं का? कळून खाल्लं असेल तर माफ केलं. नसेल कळलं तर ती फसलेलीच गेली, आणि तो भार माझ्यावर. आता मेलेल्या माणसाला विचारायचं कसं? म्हणून बदकांचं विचारत फिरायचो. वाटायचं, कुठनं तरी निघेल.

निघालं उम्म सालिमकडनं. अर्बाबची बायको, सालिमची आई, थकलीय आता, पण जीभ शाबूत. परवा सालिम आला होता, मला कॉफीला बोलावलं, ती आतल्या दारात बसलेली. मी आपला नेहमीचा सवाल टाकला, लोकांनी बदक खायचं का सोडलं? तर ती भडकलीच. म्हणाली, तुम्ही सगळे मूर्ख, बायकांना कोणी विचारलं का? तुम्ही एक बार काढता आणि मिशीवर हात फिरवता, आम्ही दुपारभर पिसं काढतो, आठ दिवस हाताला चिखलाचा वास. आम्ही सोडलं! मी एका थंडीला सांगितलं बंदूकवाल्याला, स्वतः साफ कर, त्यानंतर दोन वेळा गेला फक्त. सालिम एवढा हसला की कॉफी सांडली.

मग तिनं एकदम विचारलं, दाऊद, आज काय जेवलास? म्हटलं भात आणि माशाची आमटी. कोणी केली? म्हटलं मीच. रोज करतोस? म्हटलं मग काय, उपाशी राहू? तर म्हणाली, मग आता सांगायला हरकत नाय.

हलिमानं तिला दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणाली होती, म्हाताऱ्यानं दुकानातलं बदक रानातलं म्हणून भरवलं. एवढी चरबी रस्स्यावर, रशियातून उडत आलेल्या पाखराच्या अंगाला चरबी राहील का? आणि वर शिशाचा तुकडा, माझा दात पडला असता. हसत होती म्हणे, पोट धरून, दुखत असताना. मग म्हणाली, बिस्मिल्लाचं खोटं बोलायला नको होतं त्यांनी. त्यांच्या वतीनं मीच खुदाकडं तोबा केली रात्री. पण त्यांना आता सांगू नको, चोरी पकडली कळलं तर लाजतील आणि परत चुलीपाशी जायचे नाहीत. माझ्यामागं खातील काय? हात बसला की सांग.

मी खाली बघून कॉफी प्यालो.

आता दुसऱ्याच्या वतीनं तोबा चालते का, हे मौलवीला विचारायला पाहिजे. मी विचारलं नाय, विचारणारही नाय. तो नाय म्हणाला तर? माझा मुलगा गावाहून फोन करतो, बावा, आता ये. जाईन इन्शाल्ला, व्हिसाची मुदत संपली की जावंच लागेल. तोवर हाय इथं.

तुमचं लिहून झालं असेल तर ठेवा ते आणि हात धुवा. आज भेंडी केलीय, जरा चिकट झालीय. खुदा तुम्हाला सुखात ठेवो, पोराबाळांना औक्ष देवो. पण एक ऐका, बेचव लागली तर तोंडावर सांगा. तिच्यासारखं गप बसून खाऊ नका.