कोणत्या नावाने हाक मारू?

—नाही, कडी नका काढू हवं तर. मी इथेच बसते दाराला टेकून, तुम्ही आतच बसा. पण मला आधीच खटकलं होतं हो, खरं सांगते. सकाळी तुमच्या सासूबाईंनी तुम्हाला माझ्यासमोर आणून बसवलं आणि म्हणाल्या, सत्यभामा, मॅडमले नमस्कार कर. तुम्ही भिंतीकडे बघत राहिलात. लग्न झालं तेव्हापासून हाकेला ओ देत नाही, म्हणाल्या, कानानं गेली का डोक्यानं गेली ते तुम्ही पाहा. आणि तेवढ्यात मागच्या कापसाच्या जिनिंगचा भोंगा वाजला, तर अख्ख्या खोलीत दोघीच दचकल्या — एक तुम्ही आणि एक मी. माझं सोडा, मी तर रोज दचकते, कपाटाचं दार वाजलं तरी दचकते. पण मी मनात म्हटलं, हिचे कान शाबूत आहेत. ऐकू येतं आणि ओ देत नाही, म्हणजे त्या हाकेतच काहीतरी आहे. एवढं बरोबर ओळखलं होतं मी! आणि मग बघा त्याची काय माती केली.

ऐकताय ना? — बांगडी वाजली. बरं, बांगडी तर बांगडी.

म्हणजे माझी पद्धत वाईट नाही, असं मला अजूनही वाटतं. नागपूरला मानसशास्त्र शिकले ते सगळं इंग्रजी पुस्तकातून. त्या पुस्तकातली बाई कोचावर आडवी होते आणि छताकडे बघत मनातलं सांगते. इथे सिंधूताईंनी महिला मंडळाचं हे सल्ला केंद्र काढलं — महाराष्ट्र झाला, आता खामगावातही असलं काही पाहिजे, म्हणाल्या — आणि पहिल्याच बाईला मी म्हटलं, आडव्या व्हा, तर ती मला नर्स समजून पळाली. सुई टोचतील म्हणून. तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवलं. खुर्ची नको, सतरंजी. आणि समोर सूप, सुपात डाळ. हात गुंतलेले असले की बाया बोलतात, एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही ना. कसं वाटतं असं विचारलं तर सगळ्या म्हणतात, बरं वाटते. पण खडे काढता काढता दिराच्या वाटणीपासून सगळं बाहेर येतं. सिंधूताईंच्या घरची वर्षाची डाळ इथेच निवडून होते, ती गोष्ट वेगळी. आणि दुसरा माझा नियम असा, की माणूस स्वतःला जे समजतो तेच आपण त्याला समजायचं. त्याचा देव, त्याची बोली, त्याचं नाव. भिमाबाई आल्या होत्या, त्यांना मी आधी जयभीम म्हटलं. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून घेतलं, मग सूप पुढे ओढलं. बोलल्या मग, पुष्कळ बोलल्या.

म्हणून तुमचं मला लगेच उमगलं असं वाटलं. लग्नात ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं नाव लिहिलं, सत्यभामा. तुम्हाला कुणी विचारलं? कुणी नाही. पंचांगात स निघाला म्हणे. स वरून साधं सुमन निघत नाही का? आणि सासूबाई स्वतः रुक्मिणीबाई! रुक्मिणीनं आपल्या हातानं घरात सत्यभामा आणायची म्हणजे — हसलात का? नाही? खोकला असेल.

तर मी ठरवलं, यांचं माहेरचं नाव शोधायचं आणि ते यांना परत द्यायचं. सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, आता काऊन पाह्यजे ते, सोयरिकीत उषा का काय सांगितलं होतं. तुमचे मालक, अर्जुनराव, ते तर तुमचं कुठलंच नाव घेत नाहीत, नुसतं ‘अवं’ म्हणतात. मग कळलं, संग्रामपूरच्या गाडीवरचे कंडक्टर मोतीराम तुमच्याच माहेरचे. मी पळत स्टँडवर गेले. गाडी सुटत होती, त्यांनी दारातून ओरडून सांगितलं, आणि मला इतका आनंद झाला, इतका, की मी पळतच परत आले आणि उंबऱ्यात उभी राहून, सासूबाईंसमोर, अर्जुनरावांसमोर, चहा घेऊन आलेल्या कलाबाईसमोर, पुस्तकात लिहिलंय तशी स्पष्ट आणि प्रेमळ आवाजात हाक मारली —

नाही, परत नाही म्हणत. घाबरू नका.

अर्जुनराव हसले. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला, आणि म्हणाल्या, उकिरड्यावरची गळ्यात मारली आमच्या. आणि तुम्ही उठलात, सूप बाजूला ठेवलंत — डाळ सांडू न देता ठेवलंत, ते मी पाहिलं — आणि आत जाऊन कडी लावलीत. आणि मला त्या नावाचा अर्थ माहीत नव्हता असंही नाही हो. मी बुलढाण्याची, आमच्या आळीत उकिरड्यावरूनच नाव पडलेले उकंडराव आहेत, चांगले पंचायतीत बसतात. पोरं जगत नाहीत म्हणून तान्ह्याला उकिरड्यावर ठेवायचं, दुसऱ्या बाईनं उचलून आणायचं, म्हणजे मरणाला वाटावं हे कुणाचं तरी टाकलेलं. आईनं तुम्हाला जगवायला ठेवलेलं नाव ते. पण उकंडरावांना कुणी हसत नाही, त्यांना रामराम करतात. बाईला मात्र हसतात. हे पुस्तकात नव्हतं, पण मला कळायला पाहिजे होतं. आनंदात कळलं नाही.

आता खाली लिंबाखाली बसलीत ती दोघं मायलेकरं. संध्याकाळच्या गाडीआधी ओ दिली तर घरी नेणार, नाही तर माहेरी सोडणार, कायमची. असं म्हणाल्या. अर्जुनरावांनी मान हलवली. मी चहा पाठवलाय, दुसऱ्यांदा पाठवलाय. तुम्हाला परत जायचंय का नाही हेसुद्धा मी विचारलं नाही. नसेल जायचं तर तसं सांगा, मी त्यांना सांगते. म्हणजे सिंधूताईंना सांगते, त्या सांगतील.

मान हलवण्यावरून — हे सांगायचं नव्हतं खरं तर, सल्ला देणाऱ्यानं स्वतःचं सांगू नये असा नियम आहे. पण वैशाखात माझंही लग्न आहे. देऊळगाव राजाचे आहेत ते लोक, चांगले आहेत, दुकान आहे. साखरपुड्याला माझ्या होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, आमच्याकडे हिला अन्नपूर्णा म्हणायचं. अन्नपूर्णा! माझा भात एक तर करपतो नाही तर त्याची पेज होते. आणि मी, एम. ए. झालेली, बायांना नावं परत देत फिरणारी, मी काय केलं? मान हलवली. पसंत आहे ना, म्हणाल्या. परत हलवली. मग घरी भावंडं चिडवायला लागली, अन्नपूर्णा, अन्नपूर्णा, तर मी ओ दिली हो. चटकन ओ दिली. तुम्ही इतके दिवस गप्प राहिलात, सगळं घर एका बाजूला आणि तुम्ही एका बाजूला, भिंतीकडे बघत. डोक्यानं गेली म्हणतात तुम्हाला. मले नसतं जमलं ते. एक दिवस नसतं जमलं.

— कोण? कोण आहे? कलाबाई, तू होय, किती घाबरले मी. कप ठेव तिथे. काय? उठल्या? जिन्यावर आहेत?

अहो, ऐका. सासूबाई वर येतायत. मी सत्यभामा म्हणणार नाही. ते दुसरं तर कधीच नाही. वहिनी म्हणू, तर मी तुमची नणंद नाही. बाई म्हणू, तर तुम्ही माझ्याहून लहान दिसता. माझ्याकडची नावं संपली. तुम्ही स्वतःला मनातल्या मनात जे म्हणत असाल, त्या नावानं हाक मारली असं समजा आणि — काय?

काय म्हणालात?

नाही, ऐकू आलं, ऐकू आलं. — रुक्मिणीबाई, तिथेच थांबा, त्याच पायरीवर. बोलली ती. हो, आत्ता. नाव विचारलं तिनं. कुणाचं नाव म्हणजे? माझं. तुमचं नाव काय, असं मला विचारतेय. सकाळपासून मी तिला ते सांगितलंच नव्हतं.