वाळू आहे म्हणजे नदी असणारच

आम्ही मूळचे भुसावळकडचे, खानदेशातले, पण ते आपलं सांगण्यापुरतं, माझा जन्म इथलाच, झाशीचा, रेल्वेच्या क्वार्टरमधला, आणि भुसावळ मी पाहिलं ते कुणाच्या लग्नाला गेले तेवढंच. वडील इंजिनावर फायरमन होते, भट्टीत कोळसा टाकायचे. माय सांगायची, ड्युटीवरून आले की आधी नुसते दात दिसायचे, मग हळूहळू माणूस दिसायचा. मला त्यांचं काहीच आठवत नाही. मी मांडीवरची होते तेव्हा मोठी लढाई लागली, ते दुसरं महायुद्ध, इंग्रजांचं राज्य होतं, तिकडे मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, फौजेसाठी आगगाड्या चालवायला माणसं हवी होती, वडिलांनी नाव दिलं. माय म्हणाली कशाला जाता इतक्या लांब, तर म्हणाले अगं इंजिन इथं तेच आणि तिथं तेच, कोळसा टाकायचा, दुसरं काय. गेले ते गेलेच.

आधी तार आली. मग लढाई संपल्यावर त्यांच्याबरोबर गेलेले तुकारामकाका परत आले, ते भेटायला आले. त्यांनी सांगितलं, गाडीवर वरून बॉम्ब पडला, जखमी झाले, पण लगेच नाही गेले, थोडा वेळ होते. आता काय सांगू तुम्हाला, माझी माय रडली नाही की काही नाही, तिने एकच विचारलं, भाऊजी, शेवटचं पाणी मिळालं का हो त्यांना? आपल्यात माणूस जाताना तोंडात पाणी घालतात ना, तुळशीचं पान ठेवतात, ते. तुकारामकाका खाली बघत म्हणाले, वहिनी, मी दुसऱ्या गाडीवर होतो, मी नव्हतो जवळ, तिथं नुसती वाळू होती, चहूकडे वाळू. तर मायच्या जिवात एकदम जीव आला. म्हणाली, वाळू होती ना? वाळू आहे म्हणजे नदी असणारच. काकांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, हो वहिनी, असणारच.

आता तुम्ही हसाल, पण आम्हाला वाळू ठाऊक ती बेतवाची. इथं ओरछ्याला जा, उन्हाळ्यात नदी बारीक होते, मोठी वाळू पडते, त्या वाळूत हाताने उकरलं की वीतभर खाली पाणी पाझरतं, गोड पाणी, त्याला झिरा म्हणतात. मायचा हिशोब साधा होता. ते वाळूत पडले, तर पाणी हाताशी होतं. कुणी नसेल पाजलं तर त्यांनी स्वतः उकरून घेतलं असेल. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात, वर डांगर ठेवतात, डांगर म्हणजे खरबूज. सगळे विहिरीचं नाहीतर नळाचं पाणी भरतात. माझी माय दर आखाजीला मला घेऊन टांग्याने ओरछ्याला जायची, वाळूत झिरा उकरायची, ओंजळीओंजळीने घागर भरायची, आणि तो झिरा तसाच उघडा ठेवून यायची. मी म्हणायची, माय, बुजव ना, गुरांचा पाय जाईल. तर म्हणायची, राहू दे, वाळू सगळीकडची आतून एकच असते.

मायला स्टेशनवर बायकांच्या वेटिंग रूममध्ये काम मिळालं, झाडायचं, पाणी भरायचं, बायकांच्या सामानावर नजर ठेवायची. त्यावर मी वाढले. लग्न झालं ते पार्सल ऑफिसातल्या माणसाशी, सासरी कुणी नव्हतं, मग माय आमच्याकडेच राहायला आली, प्रेम नगरला. आणि मला नोकरी लागली टॉकीजमध्ये, सदर बाजाराकडे, जनाना दरवाजावर. बायकांची बसायची जागा वेगळी असायची तेव्हा, तिथं बाईच पाहिजे, तिकीट फाडायला आणि कुणी बाप्या घुसला तर हाकलायला. मालकांनी मला विचारलं, गर्दीत ओरडता येतं का? मी म्हटलं, माझ्या मायने स्टेशनवर आयुष्य काढलंय, मी इंजिनावर ओरडू शकते. झाली नोकरी.

रविवारी सकाळी इंग्रजी पिक्चर असायचं. छावणीतले पलटणीचे लोक यायचे, बायका कुणी येत नसत, मग मी जनान्यातल्या शेवटच्या खुर्चीवर एकटी राणीसारखी बसायची. लढाईची पिक्चरं असायची बहुतेक, आणि त्यातही मिसरच्या वाळवंटातल्या लढाईची, काळी-पांढरी. मला इंग्रजीतलं ओ की ठो कळायचं नाही. पण भैया, काय पिक्चरं होती ती! गाणं नाही, नाच नाही, बाई तर नाहीच, चारपाच माणसं आणि एक खटारा लॉरी, बस. आणि तरी डोळा हलत नाही. दोनच रंग म्हणता तुम्ही, पण त्या पांढऱ्यात किती पांढरे होते, उन्हाचा वेगळा, हाडाचा वेगळा, घाम वाळून मिठाचा थर बसतो पाठीवर, त्याचा वेगळा. लॉरी वाळूत रुतली की ती माणसं उतरायची, चाकाखाली पत्रे घालायची, ढकलायची, चार हात पुढे गेली की परत रुतली, परत पत्रे. मी खुर्चीत बसून जोर लावायची. आणि कितीही हाल असोत, चहा करणार! पत्र्याच्या डब्यात वाळू भरायची, त्यावर पेट्रोल ओतून पेटवायचं आणि वर आधण. मी म्हटलं, हे तर आमच्या इंजिनाच्या शेडमधल्या लोकांसारखेच झाले.

आणि ते सारखे एकमेकांना सांगायचे, जेरी, जेरी. मी म्हटलं बरोबर आहे, अशा उन्हात माणूस जेरीस येणारच. मी घरी येऊन सगळ्यांना सांगायची, अहो, साहेब लोकही आपल्यासारखंच म्हणतात, जेरीस आलो म्हणून. एकदा पलटणीतले एक सुभेदार होते, साताऱ्याकडचे, मराठी, ते माझ्याशी दोन शब्द बोलायचे, त्यांना मी हे सांगितलं. ते हसून हसून भिंतीला टेकले. ताई, म्हणाले, जेरी म्हणजे जर्मन, शत्रू! मी म्हटलं, मग शत्रू माणसाला जेरीस आणतोच ना, माझं काय चुकलं? ते म्हणाले, नाही ताई, तुमचंच बरोबर, इंग्रजांनी तुमच्याकडून घेतला असेल शब्द.

ह्याच सुभेदारांना मी एकदा सहज विचारलं, का हो, ह्या लोकांना इतकी तहान लागते तर नदीवर का जात नाहीत? वाळू तर एवढी दिसते. ते म्हणाले, कुठली नदी? मी स्वतः होतो ताई तिथं, एक नाईल आहे ती कुठल्या कुठे मागे राहिली, त्या वाळूत विहीर खणली तरी वाळूच लागते, पाणी आम्हाला डब्यातून मोजून मिळायचं. बोलून ते आत गेले, पिक्चर सुरू झालं, आणि मी दारातच उभी राहिले. मलाही तोवर नदीच वाटत होती, खरं सांगते. मायने सांगितलेली नदी.

घरी मी काही बोलले नाही. पण गोष्ट लपते का? वेटिंग रूममध्ये कुणा फौजी माणसाची बायको बसली होती, ती मायला म्हणाली, टॉकीज में मिसर की लड़ाई का पिक्चर लगा है, ये तीन बार देख आए. माय संध्याकाळी दारातूनच, चपला काढायच्या आधी, म्हणाली, यमे, मिसरचं पिक्चर लागलंय आणि तू मला सांगत नाहीस? मी म्हटलं, इंग्रजी आहे माय, तुला कळायचं नाही. म्हणाली, तुला कळतं वाटतं? मला बोलणं नाही ऐकायचं, मला जागा बघायची आहे.

आता काय करावं? एकीकडे वाटे, तिचा हक्क आहे. तिचा नवरा जिथं पडला ती माती तिने कधी पाहिली नाही, आता घराजवळ चार आण्यांत दिसतेय. दुसरीकडे वाटे, तिच्याजवळ एवढी एकच तर गोष्ट आहे, त्या नदीवर तिने सगळं आयुष्य ढकललं, ती मी तिच्या हातातून काढून घेऊ? मी ऑपरेटरकडे गेले, मिशीनवर असायचे ते कन्हैयाभैया, इथलेच, बुंदेली बोलायचे. त्यांना सगळं सांगितलं, म्हटलं भैया, पाण्याचे हाल दाखवलेत तेवढं काढता येईल का, एकाच दिवसापुरतं? ते रीळ गुंडाळता गुंडाळता म्हणाले, काय बिन्नू, जा पिक्चर में सें पानी काट दें तौ बचहै का? बिन्नू म्हणजे बहिणीला म्हणतात इथं; ह्या पिक्चरमधून पाणीच कापलं तर उरेल काय, असं विचारत होते. मग म्हणाले, अम्मा खों लै आओ. जो देखने है सो देखन दो. म्हणजे आण तिला, काय बघायचं ते बघू दे.

रविवारी माय नवं लुगडं नेसून आली, जशी देवळात जाते तशी. सगळी पलटण आणि ती एकटी म्हातारी. जवान उठून उभे राहिले, माताजी इधर से, माताजी उधर से. पिक्चर सुरू झालं, पहिलीच वाळू दिसली, तर तिने हात जोडले. मग बघत राहिली. थोड्या वेळाने मला म्हणाली, यमे, नदी कधी येते? मी म्हटलं, बघ ना. परत थोड्या वेळाने, जरा मोठ्याने, अगं नदी कधी यायची? मागून कुणी तरी म्हणालं, अम्मा क्या पूछ रही हैं? मी म्हटलं, पूछ रही हैं नदी कब आएगी. तो बिचारा म्हणाला, आएगी अम्मा, बाद में आएगी, अभी बैठो. सगळे हसले, मायही हसली. 

मध्ये एकदा रूळ दिसले, अर्धे वाळूत बुजलेले, नुसते दिसले आणि गेले. मायने माझं मनगट धरलं. हे यांचं, म्हणाली. तेवढंच. आपली माणसं त्या पिक्चरांत दिसतच नाहीत हो, एवढी आपली फौज तिथं लढली, ती एक खोट मला नेहमी वाटत आली. पण रूळ दिसले.

इंटरव्हलला दिवे लागले. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. ती समोर कोऱ्या पडद्याकडे बघत म्हणाली, नदी नाहीच. मी म्हटलं, माय, घरी जाऊ. तर म्हणाली, अर्ध्यात उठायचं नसतं. त्या लोकांना पोचू दे.

आणि मग ते आलं. लॉरी सोडून ती माणसं पायी चालत असतात, त्यातला एक ड्रायव्हर जखमी, त्याला झोळी करून वाहत असतात. एका ठिकाणी त्याला खाली ठेवतात. तो जगणार नाही हे सगळ्यांना कळलेलं असतं. त्यांचा नाईक डोळ्यांनीच सांगतो, नाही, पाणी नाही, चालणाऱ्यांना लागेल. बरोबरच होतं त्याचं. पण एक लांब नाकाचा शिपाई असतो, सगळा पिक्चरभर तो कुणाशी धड बोलत नाही, खेकसतच असतो, तो आपली बाटली काढतो. त्याचे ओठ फुटलेले दिसतात. तो बाटलीच्या टोपणात पाणी ओततो, आणि त्या मरणाऱ्याचं डोकं हातावर घेऊन त्याच्या तोंडात सोडतो. अर्धं हनुवटीवरून ओघळतं, वाळूत जातं. वाया गेलेलं त्यालाही दिसतं. तो परत टोपण भरतो. आणि नाईक तोंड फिरवून दुसरीकडे बघत उभा राहतो.



माय माझ्या कानाशी आली. म्हणाली, अगं, यांच्यातही पाजतात? शेवटचं? मी म्हटलं, हो माय, दिसतंय ना. ती म्हणाली, नदी नसताना पाजतात. आणि मग ती रडली. मी जन्मात तिला रडताना पाहिलं नव्हतं. तोंडाला पदर लावून, अंग हलवून रडली, आणि मागचा तो जवान उठून तिच्या शेजारी येऊन बसला.

टांग्यात ती म्हणाली, यमे, मी उगीच इतकी वर्षं नदीवर भरवसा ठेवला. नदी असती आणि जवळ कुणी नसतं, तर जखमी माणूस काय उठून जाणार होता पाण्याला? पण त्यांच्याजवळ माणसं होती. कुणी तरी टोपण उघडलंच असेल. मी म्हटलं, हो माय. घोड्याच्या टापा वाजत होत्या आणि ती रस्ताभर डोकं हलवत होती, जसं कुणी तरी तिला समजावून सांगतंय आणि तिला ते पटतंय.

त्यापुढच्या आखाजीला ती ओरछ्याला गेली नाही. घरीच नळाचं पाणी भरलं, आणि एकीच्या जागी दोन घागरी मांडल्या. शेजारच्या जोशीकाकू म्हणाल्या, अहो, दुसरी कुणाची? नाव घ्यावं लागतं ना. माय म्हणाली, नाव कुठं ठाऊक आहे मला, जात ठाऊक नाही, गोरा होता की आपला होता तेही नाही. पाणी पाजणाऱ्याची म्हणा. काकू म्हणाल्या, असं कुठं असतं का? माय म्हणाली, आजपासून असतं.

आता माय जाऊनही खूप वर्षं झाली. गेली तेव्हा मी जवळ होते, माझ्या हातचं पाणी घेऊन गेली. ते टॉकीजही बंद पडलं. माझ्या घरात आता मराठी समजतात सगळे, बोलत कुणी नाही, मी मराठीत विचारते आणि सून हिंदीत उत्तर देते, चाललंय आपलं. नात फोनवर ती जुनी पिक्चरं शोधून लावून देते, दादीजी आपकी रेत वाली फिल्म, म्हणते. ते नेमकं पिक्चर काही तिला सापडलं नाही, मला नावच ठाऊक नाही तर सापडणार कसं. दुसरी सापडतात. डोळ्यांना आता फारसं दिसत नाही, पण लॉरी रुतली की आवाजावरून कळतं मला, अजून जोर लावते मी.

तो लांब नाकाचा तर नटच होता, मला कळतं, पगार घेऊन केलं असेल, बाटलीत पाणी होतं की नव्हतं कोण जाणे. आता तोही राहिला नसेल. कुठल्या देशात, कुठल्या दवाखान्यात गेला असेल. पण देवाजवळ मी त्याच्यासाठी एवढंच मागते, जाताना त्याच्या जवळ माणूस असू दे, आणि त्या माणसाने हात आखडता घेतलेला नसू दे.