खंडेनवमीचं तेल

आश्विनातली नवमी, खंडेनवमीचा दिवस, आणि माझ्या दारात धुवायच्या गाड्यांची रांग, कारण त्या दिवशी कोयता असो की ट्रक, न्हाल्याशिवाय पूजेला बसत नाही. मी सुनंदा. पोलादपूरच्या वर हायवेला लागून आमचा गाड्या धुवायचा धंदा, डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाइपाने खाली आणलेलं, मालक, म्हणजे माझा नवरा, ट्रकवर ड्रायव्हर आणि पाइप माझ्या हातात. माहेर ओढ्याच्या पलीकडे, म्हणजे मी सासरी आले म्हणजे काय, तर ओढा ओलांडला.

काय सांगू तुम्हाला, चाक धुणं लोकांना सोपं वाटतं. कशेडी घाट उतरून आलेला ड्रायव्हर खाली पाय टेकायच्या आधी म्हणतो, मार गो पाणी. मी म्हणते, आधी चहा घे, चाक तापलंय, तापल्यावर गार पाणी मारून काही वाकडं झालं तर मलाच शिव्या द्यायला परत येशील. निवलं की आधी नुसतं पाणी, चिखल वाहून जाऊ दे, मग साबणाचं. टायरला ब्रश, चाकाला मऊ फडकं, बादल्या दोन वेगळ्या, नाहीतर टायरची वाळू चाकावर ओरखडे काढते. हे मला कोणी शिकवलं नाही, बोलणी खाऊन आलं.

तर माझा धाकटा भाऊ सुधाकर मुंबईला एका शेठची गाडी चालवायचा, ती जुनी झाल्यावर तीच घेऊन तो कायमचा गावी आला, भाड्याने चालवीन म्हणून. चाकं बिनरंगाच्या ॲल्युमिनियमची, तोंड दिसेल अशी. दसऱ्याला पहिलं भाडं ठरलेलं, महाडचे एक मास्तर, त्यांची बायको आणि तान्हं मूल, कशेडीतून खेडला सोडायचं. सगळ्या वाडीला सांगून झालं होतं.

नवमीला सुधाकर हार आणायला बाजारात गेला, मी इकडे धुवायच्या ट्रकाखाली, आणि ओढ्यापलीकडे आमच्या आईने लेकाची गाडी आपण होऊन धुवायला घेतली. एक चाक तिने राखेने घासलं, टोप घासतो तसं. टोपाला राख खपते, तो मुळात कुठे आरसा असतो, पण ह्या चाकाची चकाकी गेली, काळपट डाग पडले. ते झाकायला तिने खोबरेल लावलं. मग एकाच चाकाला कशाला, चारींना लावलं, टायरांना लावलं, आणि चाकाच्या फटींतून बोटं घालून आतली ती चकचकीत ब्रेकची ताटली, तिलाही लावलं. खंडेनवमीला कोयत्याला, पहारीला तेल लावतोच की आपण, गंजू नये म्हणून. तिच्या हिशोबाने तिने लेकाच्या हत्याराची पूजाच केली.

सुधाकर आला, पूजेला म्हणून मीही ओढा ओलांडून गेले, तो गाडी अंगणात आणायला बसला, उतारावर ब्रेक दाबला तर गाडी थांबेना, हँडब्रेक ओढल्यावर ओढ्याच्या कडेला थांबली. तो म्हणाला, ओलं हाय, दोनदा दाबलं की धरेल. मी फटीतून बोट फिरवून वास घेतला. म्हटलं, पाण्याला खोबऱ्याचा वास कधीपासून यायला लागला रे.

आई पायरीवर उभी होती. पदराला हात पुसत राहिली.

सुधाकर म्हणाला, फडक्याने पुसतो, झालं. मी म्हटलं, ताटली पुसशील, तिला चावणारे पॅड तेल प्यायलेत, ते बदलल्याशिवाय घाट नाही. तो म्हणाला, दसऱ्याचं पहिलं भाडं परत पाठवू काय, लोकं तोंडात शेण घालतील, तू चाकं धू ताय, गाडी चालवायला मला शिकवू नको. मी म्हटलं, नाही शिकवत, तू कशेडीला विचार, ती सांगेल. मग मी वाकून गाडीची चावी काढली, पदराच्या टोकाला बांधली, टोक कमरेला खोवलं आणि ओढा ओलांडून घरी आले. मागून तो काय काय बोलत होता, ते पाण्याच्या आवाजात गेलं, बरंच झालं.

आता तो तीन गाड्यांचा मालक हाय. त्या चाकाचा डाग त्याने कधी पॉलिश केला नाही, आणि नव्या ड्रायव्हरला आधी तो डाग दाखवतो, मग चावी देतो. आई गेली. देव सगळ्यांच्या गाड्या घाटातून सुखरूप उतरवो, पण ब्रेक आपले आपण बघावेत.

पण तेव्हा, त्या दसऱ्याच्या सकाळी, मी पहिल्या एसटीआधी ओढा ओलांडला. सुधाकर चाकं खोलून बसला होता, माझ्याकडे बघितलं नाही, तेल प्यायलेले पॅड कागदात गुंडाळून पुढे केले, नमुन्याला. आई गाडीपासून लांब, गोठ्याच्या खांबाला टेकलेली. मी तिला साबणाच्या पाण्याची बादली आणि माझ्या जुन्या लुगड्याचं फडकं दिलं, म्हटलं, खोललेली चाकं धू, राख नको, तेल नको, आणि ताटलीकडे हात नको. ती उकिडवी बसली, धुवायला लागली. मग मी एसटी धरून महाडला गेले, आधी मास्तरांच्या दारात, आज गाडी येत नाही, तुमच्यासाठी स्टँडवरची जीप सांगते म्हणायला, आणि मग पॅडच्या दुकानात. चावी माझ्या कमरेलाच होती.