कॅप्टन विश्वंभर आणि त्याचे जुळारी

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष, साप्ताहिक ‘सीनातीर’चे संपादक-मालक माननीय श्रीमंतराव, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी कुणाचाही हात न धरता दोन जिने चढून आलेले प्रमुख पाहुणे, आदरणीय सहादेवअण्णा, ज्यांच्यासाठी आपण सगळे इथं जमलो आहोत ते सत्कारमूर्ती सोपानराव साळवे, छापखान्यातील माझी सगळी मंडळी, ‘सीनातीर’चे वाचक बंधू-भगिनी, आणि खुर्च्या संपल्या म्हणून खिडकीत चढून बसलेल्या बाळगोपाळांनो,

माझं नाव गहिनीनाथ शेळके. मूळचा मिरजगावचा, नगरला हायस्कुलात विज्ञान शिकवतो. पण या नावानं मला कोण ओळखतं? भाजी घ्यायला गेलो तरी हाक येते, “या कॅप्टन!” कारण ब्याण्णव सालच्या जानेवारीपासून अडीच वर्षं मी ‘सीनातीर’मध्ये एक कथामाला लिहिली. कॅप्टन विश्वंभर, त्याचं ‘गरुड-सात’ हे यान, आणि यानावरचा यंत्रज्ञ भिकू.

काय दिवस होते ते! गुरुवारी अंक निघायचा आणि एसटीनं गावोगाव जायचा. सोनईला एक मास्तर मधल्या सुट्टीत तो मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि पोरं डबे खायची विसरायची. पत्रं इतकी यायची की पोस्टमनकाका म्हणाले, “सर, तुमचा कॅप्टन आमच्या पायाचे तुकडे पाडणार.” आजही बोलताना माझ्या अंगावर शहारा येतो, बघा!

श्रीमंतरावांनी मला सांगितलंय, “पाच मिनिटं बोला, गमतीजमती सांगा.” अध्यक्षमहाराज, पाचाची दहा होतील. आणि नुसत्या गमती होणार नाहीत, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

सोपानराव चौतीस वर्षं आपल्या छापखान्यात जुळारी होते. खिडकीतल्या मुलांसाठी सांगतो, कारण उद्यापासून इथं कॉम्प्युटर बसणार आहे आणि तुम्हाला हे दिसणार नाही. जुळारी म्हणजे शिशाचा एकेक खिळा, एकेक अक्षर हातानं उचलून ओळ उभी करणारा माणूस. कॅप्टनच्या साहसांतली निम्म्याहून अधिक अक्षरं या माणसाच्या बोटांतून गेली आहेत. आणि बोटांतून जाताना ती डोक्यातूनही जायची! चौथ्या भागाला सोपानरावांनी मला विचारलं, “सर, ह्यो कॅप्टन जेवतो कवा?” मी हसलो. चाळिसाव्या भागाला म्हणाले, “सर, कॅप्टनला पदकं बारा झाली. भिकूचं आडनाव काय?” मी म्हटलं, “ठरवलं नाही अजून.” ते म्हणाले, “ठरवा की.” मी ठरवलं नाही.

कॅप्टन विश्वंभर चांगला माणूस होता की नाही, यावर या गावात मारामाऱ्या व्हायच्या बाकी होत्या. त्याचं चांगलं आधी सांगतो. धोका आला की यानाबाहेर पहिलं पाऊल त्याचं. प्राणवायू कमी पडला तर आपली नळी काढून दुसऱ्याला देणारा. हरलेल्या शत्रूवर त्यानं कधी हात उगारला नाही. हे सगळं मी मोठ्या प्रेमानं लिहिलं होतं. मला वाटायचं, मी असाच आहे.

आता ब्याण्णवच्या नोव्हेंबरमधला एक प्रसंग सांगायचा आहे. तो सांगू का, असं मी आज सकाळी कलाबाईंना विचारून आलो. कलाबाई आपल्या छापखान्यातल्या दुसऱ्या जुळारी. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्या म्हणाल्या, “सांगा. पर समदं सांगा.”

समदं सांगतो.

त्या महिन्यात सहादेवअण्णांच्या गौरवाचा विशेष अंक निघाला. वाचनालय उभारणाऱ्या माणसाचा गौरव, मुख्य लेख माझा. त्याच्या महिनाभर आधी अण्णांचे थोरले बंधू महादेवअण्णा वारले होते. माझ्या डोक्यात दोन भावांची नावं अशी काही मिसळली की पहिल्याच ओळीत मी लिहून गेलो, “वाचनालयाचे संस्थापक कै. सहादेवअण्णा.” कैलासवासी! समोर बसलेल्या, जिवंत, धडधाकट माणसाला!

अण्णा हसताहेत. हसा अण्णा, पण त्या दिवशी सकाळी सातला तुमच्या दारात माणसं जमली होती. कुणी हार आणला होता, कुणी उपरण्यानं डोळे पुसत होतं, आणि तुम्ही दात घासत बाहेर आलात!

गावभर हसू झालं आणि छापखान्यात रागाचा भडका उडाला. सोपानराव तेव्हा पुतणीच्या लग्नाला सोनईला गेले होते. लेख जुळवला होता कलाबाईंनी. त्यांना छापखान्यात तीन वर्षं झाली होती. सोपानरावांनीच त्यांना एकेक खिळा ओळखायला शिकवलं होतं. श्रीमंतरावांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. कलाबाई म्हणाल्या, “सरांनी लिवलं तेच म्या जुळवलं.”

मालकांनी मला विचारलं, “सर, तुम्ही काय लिहिलं होतं?”

मंडळी, हस्तलिखित त्या वेळी माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होतं. अंक निघाल्याबरोबर मी ते छापखान्यातून गुपचूप उचललं होतं. मी म्हणालो, “मी ‘श्री.’ लिहिलं होतं. कागद मात्र सापडत नाही.”

मी शिक्षक. मी कॅप्टन विश्वंभरचा लेखक. माझ्यावर कोण अविश्वास दाखवणार? कलाबाईंना त्याच दुपारी कामावरून काढलं. जाताना त्या माझ्याकडे पाहतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पाहिलं नाही. लाकडी खणांतले खिळे सारखे केले, हात धुतले आणि निघून गेल्या.

मी कथा लिहीत राहिलो. पत्रं येत राहिली.

त्र्याण्णवचा एप्रिल उजाडला. कथेत मोठा क्षण आला होता. बाराशे वसाहतकरी घेऊन ‘गरुड-सात’ निघालंय, यान जड झालंय, आणि भिकू अजून ग्रहावरच आहे. कॅप्टन दार बंद करतो. भिकू मागं राहतो. पृथ्वीवर प्रचंड स्वागत होतं, आणि व्यासपीठावरून कॅप्टन भरल्या डोळ्यांनी सांगतो, “आमचा भिकू त्याआधीच वीरमरण पावला होता.” टाळ्या! तेरावं पदक! मला तो भाग इतका आवडला होता की सायकलवरून येताना मी तो मोठ्यानं म्हणत आलो.

बुधवारी दुपारी मी कागद दिले. सोपानराव उभ्यानंच वाचू लागले. शेवटचं पान वाचून झालं, तसा त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि वर वजन ठेवलं.

“सर, हा भाग म्या जुळवायचा न्हाई.”

मला वाटलं, मस्करी आहे. श्रीमंतराव आतून ओरडले, “सोपान, उद्या अंक आहे!”

“मालक, बाजारभाव जुळवतो. जाहिराती जुळवतो. ह्यो न्हाई.”

“मग उद्यापासून येऊ नकोस!”

“बरं,” सोपानराव म्हणाले. आणि खरोखर एप्रन सोडायला लागले. अठ्ठावीस वर्षांची नोकरी, घरात पाच खाणारी तोंडं, आणि हा माणूस शांतपणे एप्रनची गाठ सोडतोय!

मी चिडलो. “सोपानराव, तुम्ही खिळे जुळवा. गोष्ट माझी आहे.”

ते म्हणाले, “हाय की तुमची. भिकूला मागं ठिवलं, तेबी समजलं. बाराशे मान्सं वाचवायची हुती. पर त्याला इचारलं का कुनी? आन् वर स्टेजवर उभं ऱ्हाऊन, टाळ्या घिऊन सांगतो, भिकू मेला. जित्या मानसाला मेला म्हनतो, सर!”

ते ऐकलं आणि मला अण्णांच्या नावापुढचं ‘कै.’ आठवलं. जित्या माणसाला मेला म्हणणं! त्यांच्या ध्यानात ते आलं होतं की नाही, मला आजही ठाऊक नाही. मी स्टुलावर बसलो. सोपानराव जवळ आले आणि अगदी हळू म्हणाले, “कलाबाई कुटं हाय, ठावं हाय का तुमाला? ऊसतोडीला गेलीया नवऱ्याबरं. पोरगीबी संगं नेली. सायली. पाचवीत हुती.”

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

मी घरी गेलो. तो कागद मी फाडला नव्हता, पुस्तकांच्या कपाटात मागं ठेवला होता. तासाभरानं परत आलो आणि श्रीमंतरावांसमोर ठेवला. त्यांनी ‘कै.’वर बोट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, “मी अण्णांचे पाय धरले, सर. तुमच्या चुकीपायी.” पुढं पाच मिनिटं ते जे बोलले ते या व्यासपीठावर सांगण्यासारखं नाही. मग त्यांनी सोपानरावांना सांगितलं, “एप्रन बांध.”

दुसऱ्या दिवशी सोपानराव आणि मी मिळेल त्या एसटीनं कारखान्याच्या तळावर गेलो. पाचटाच्या कोप्या, उन्हात पेटलेल्या चुली. कलाबाई मोळ्या बांधत होत्या. मी सगळं कबूल केलं. हात जोडले. मला वाटलं होतं, त्या रडतील, मीही रडेन, आणि होईल सगळं ठीक.

त्यांनी मोळी पुरती बांधली. म्हणाल्या, “पट्टा पडून कारखाना बंद झाल्याबिगर म्या येनार न्हाई. हंगाम अर्धा टाकून जायची आपली रीत न्हाई.” मग म्हणाल्या, “आन् मालकाला म्हनावं, पेपरात छापा. म्या आंधळी न्हाई, आन् खोटी बी न्हाई.”

सायली बाजूला उसाच्या शेंड्यांचं वाढं गोळा करत होती. तिनं मला ओळखलं. “कॅप्टनवालं सर,” असं आईला म्हणाली. तिच्या तोंडून ते नाव ऐकताना मान वर करवेना.

त्या आठवड्यात कथेचा भाग आला नाही. वाचकांनी छापखान्याला वेढा घातला, आठवतंय ना! पुढच्या आठवड्यात आला तो वेगळाच आला. कॅप्टन व्यासपीठावर उभा राहतो आणि सांगतो, “भिकू जिवंत आहे. मी त्याला न विचारता मागं ठेवलं, आणि आत्ता खोटं बोलणार होतो.” पदकं काढून ठेवतो आणि परत जातो. मी पुढं लिहिलं होतं की भिकू धावत येऊन त्याच्या गळ्यात पडतो. सोपानरावांनी मान हलवली. “पडंल व्हय गळ्यात? कारखान्यावर कोन पडलं हुतं?” मी ती ओळ खोडली. भिकू यानात येऊन बसला आणि पृथ्वी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. त्याला आडनावही दिलं. भिकू वाघमोडे.

मग पत्रांचा पूर! कुणी लिहिलं, “कॅप्टनची बदनामी थांबवा.” सोनईच्या एका मुलीनं लिहिलं, “तेरावं पदक भिकूला द्या.” हिवरे बाजारच्या एका वाचकानं तर मागणी केली, “कॅप्टनला आमच्या ग्रामसभेत उभा करा, आम्ही विचारतो काय विचारायचं ते.” असा जिवंत वाचक कुणाला मिळतो!

पण मंडळी, कलाबाईंचं जे छापायचं होतं, ते कसं छापलं गेलं? तिसऱ्या पानावर, खाली, दोन ओळी. “त्या अंकातील चूक जुळणीची नसून मजकुरातील होती.” मजकूर कुणाचा, ते नाही. श्रीमंतराव छापायला तयार होते. “नोकरीचा प्रश्न आहे, नाव नको,” असं मीच म्हणालो. कॅप्टनला मी कागदावर व्यासपीठावर उभं केलं आणि स्वतः मात्र तिसऱ्या पानाच्या तळाशी लपलो. सहा वर्षं लपलो.

आज लपत नाही. अण्णा, तुम्हाला ‘कै.’ लिहिणारा हात हा. कलाबाई, पिशवीत कागद ठेवून खोटं बोललेला माणूस मी. सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो. ती द्यायची की नाही, हे तुमचं.

मला पुष्कळ जण विचारतात, शेवटी कॅप्टन बरा की वाईट? मी त्याच्या बाजूनं एवढंच म्हणेन की तो परत गेला. त्याच्या विरुद्ध हे म्हणेन की उल्का अंगावर येताना न डगमगणारा माणूस टाळ्यांपुढं डगमगला. आणि तो परत गेला म्हणून भिकूचे ते दिवस भरून आले नाहीत. सायलीचं पाचवीचं वर्ष गेलं ते गेलंच. ती यंदा दहावीला बसली, एक वर्ष उशिरा, ते माझ्यामुळं.

कलाबाई त्र्याण्णवच्या मे महिन्यात कामावर आल्या. उद्यापासून नव्या कॉम्प्युटरवर त्याच बसणार आहेत. महिनाभर त्या शिकायला जात होत्या आणि सोपानराव शेजारी बसून कीबोर्डावरची अक्षरं वाचत होते, हे मी पाहिलंय!

सोपानराव, तुम्ही मान खाली घालून बसला आहात. सभागृहातल्या सर्वांना माझी विनंती आहे की यांनी हात हलवून ‘नको नको’ म्हणायच्या आत उभं राहा आणि टाळ्या वाजवा. अशाच! मागच्या रांगा, अजून जोरात! आज या टाळ्या योग्य जागी पडताहेत.

श्रीमंतराव, आपण मला बोलायला उभं केलंत, आणि मध्येच थांबवलं नाहीत, याबद्दल आपला ऋणी आहे. अण्णांचे, कलाबाईंचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला लागेलसा शब्द गेला असेल, तर उदार मनानं पोटात घ्या. आणि उद्या हे भाषण ‘सीनातीर’मध्ये छापून येईल, त्यात जी काही चूक दिसेल ती माझी समजा. जुळाऱ्याची नाही.