वीरधवलचा नऊ महिन्यांचा डोस

खोटं बोलायला तुम्हाला किती वेळ लागतो हो? नाही, खरंच विचारतेय. आमच्या कीर्ती सिस्टर म्हणतात, एक सेकंद! "आम्रपालीताई, 'नाही' म्हणायचं, बाळाची मांडी घट्ट धरायची, मी टोचते, विषय संपला!" आणि तेवढा एक सेकंद मला जमला नाही म्हणून, तुम्हाला सांगते, तीन आठवडे मी उन्हातान्हात चपला झिजवल्या... एका पोराच्या एका डोससाठी!

मी गावची आशाताई. पलूसजवळचं आमचं गाव, बारा वर्षं झाली ह्या कामाला, कुणाच्या घरात कुणाला कितवा महिना चाललाय ते नवऱ्याच्या आधी मला कळतं. तर यादीत नाव आलं, वीरधवल, वय नऊ महिने पूर्ण, डोस गोवर-रुबेलाचा. आणि नेमका त्याच आठवड्यात पलीकडच्या मळ्यात दोन पोरांना गोवर निघालेला! म्हणजे घाई. पण घाई मला एकटीला, घरच्यांना नाही.

घर जैनांचं, माणसं फार चांगली... आणि तेच अवघड असतं बघा, वाईट माणसांशी निदान भांडता तरी येतं! दीड महिन्याचा, अडीच महिन्यांचा, साडेतीन महिन्यांचा, सगळे डोस ह्या पोरानं घेतलेले, घरच्यांनी एकदासुद्धा नाक मुरडलं नाही. मग आत्ताच काय झालं? तर पोराचा बाप भरतेश, त्यानं मोबाइलवर कुठंतरी वाचलं. झालं! मी अंगणात पाय ठेवते न ठेवते तोच त्याची आई, चंदनाकाकू, पदर खोचून समोर. "आवं आशाताई, खरं सांगा, ह्या लशीत जनावराचं काय हाय का?"

आता मी दहावी पास. लशीत काय असतं ते मला बाटलीवर लिहिलेलंसुद्धा वाचता येत नाही, इतकी बारीक अक्षरं! मी काय म्हणणार? म्हणाले, "काकू, विचारून सांगते."

गेले सिस्टरकडे. सिस्टर म्हणाल्या, ते एक सेकंदाचं. आता तुम्हीच सांगा, मी बौद्ध बाई, सकाळी विहारात पंचशील म्हणायचं, खोटं बोलणार नाही म्हणायचं, आणि तिथून उठून सरळ काकूंच्या अंगणात जाऊन खोटं बोलायचं? गेले डॉक्टरांकडे. डॉक्टर तरणे, नवीन, खरं बोलायची सवय अजून सुटलेली नाही. म्हणाले, "असतं ना. लस टिकावी म्हणून किंचित जिलेटीन घालतात, ते जनावरांच्या हाडाकातड्यापासून करतात. पण हे सांगू नका त्यांना." म्हटलं, त्यांनी विचारलं तर? म्हणाले, "विषय बदला."

बदलला! म्हटलं, "काय काकू, यंदा द्राक्षं कशी आहेत?" काकू माझ्याकडं बघतच राहिल्या. "आमची कवा हुती द्राक्षं? आमचा ऊस हाय! तुमी लशीचं सांगा."

सांगितलं मग. आहे म्हणाले. किंचित, पण आहे.

सून त्रिशला पोराला छातीशी धरून आत पळाली... जसं काही सुई माझ्या पदरात लपवलेली आहे! मग मला काकूंनी समजावून सांगितलं, आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ह्यांच्यात पोर पंचेचाळीस दिवसांचं झालं की त्याला बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात नेतात, कानात मंत्र सांगतात आणि नियम देतात. दारू सोडली, मांस सोडलं, मध सोडला, वडापिंपळाची, उंबराची फळं सोडली! दीड महिन्याचं पोर, तोंडात दात नाही, मान धरता येत नाही, पण सगळं सोडून मोकळं! हसू नका... मीही आधी हसलेच होते. कारण पुढचं ऐका. पोर आठ वर्षांचं होईपर्यंत तो नियम पाळायचा कुणी? आईबापांनी. मोडला तर दोष कुणाला? आईबापांना!

त्रिशला दाराआडून बोलली, रडत. "टोचली तर नियम मी मोडला. न्हाई टोचली आन् माझ्या बाळाला गोवर झाला, तर ते बी मीच केलं. आशाताई, मी कुठं जाऊ?"

काय सांगायचं हो अशा बाईला? आम्हाला दिलेल्या पत्रकात लिहिलंय, 'गैरसमज दूर करा.' इथं गैरसमज कुठं होता? सगळ्यांना सगळं बरोबर समजलेलं होतं! आणि मी... मी दहा वर्षांपूर्वी गोवरानं फणफणलेलं एक लेकरू मांडीवर घेऊन रिक्षातून पलूसला गेले होते. येताना मांडी रिकामी होती. ते मी काकूंना सांगितलं नाही. असं सांगून माणसांना घाबरवायचं, ते मला नाही आवडत.

शेवटी काकू म्हणाल्या, "दुसरी न्हाई का, बिनजिलेटीनची?" विचारून सांगते! विचारलं. सरकारी लशीच्या पेटीतून येते तीच एक येते. मग भरतेश म्हणाला, "कुंडलला माताजी आल्यात, त्या म्हंतील तसं." माताजी म्हणजे त्यांच्या पांढऱ्या साडीतल्या साध्वी. म्हटलं, फार छान, जाऊन विचारा. तर भरतेशच्या उसाला पाणी, काकूंचे गुडघे, त्रिशलाचं अंगावरचं पोर... आणि तिघंही बघतायत कुणाकडं? माझ्याकडं! आणि मी काय म्हणाले? बरोबर. विचारून सांगते.

एसटीनं कुंडल. तिथं कळलं, माताजींचं आज मौन! म्हणजे बघा, बारा वर्षांत पहिल्यांदा मी धर्माच्या प्रश्नाचं उत्तर घ्यायला आले, तर उत्तर देणारी बोलतच नाही! बसले ओट्यावर. तीन वाजता मौन सुटलं. सगळं नीट ऐकून घेतलं त्यांनी, मध्ये एकदाही तोडलं नाही, आणि म्हणाल्या, "बाई, टोचा असं माझ्या तोंडून येणार नाही, टोचू नका असंही येणार नाही. लेकरू त्यांचं, विचार त्यांनी करायचा. आणि दोष लागला असं मनाला वाटलंच, तर त्याला प्रायश्चित्त असतं."

हे उत्तर पदरात बांधून मी धावत परत. घरात सगळ्यांना जसंच्या तसं सांगितलं. मग त्रिशलाच बोलली, पहिल्यांदा सासूच्या देखत मोठ्यानं. "प्रायश्चित्त हाय न्हवं? मग टोचूया. मळ्यातला गोवर थांबायचा न्हाई आपल्यासाठी." मला वाटलं, सुटले! कसली सुटतेय... काकू म्हणाल्या, "टोचूया. पर प्रायश्चित्त घ्यायचं कुणी? कायतरी सोडाय पायजे."

आणि मग सुरू झालं! काकू म्हणाल्या, मी दही सोडलंय, तेल सोडलंय, रविवारी मीठ खात न्हाई, कंदमुळं तर जन्मात न्हाईत, माझ्याजवळ सोडाय उरलंय काय? बरोबर होतं. त्रिशलानं सोडायचं, तर ती अंगावर पाजणारी, आणि सगळं खा, काही सोडू नकोस असं नऊ महिने तिच्या डोक्यात कुणी भरलं? मीच! भरतेश म्हणाला, "मला दिवसभर शेतात राबायचं असतंय." त्याचं ते नेहमीचंच. मग काकूंनी माझ्याकडं पाहिलं. अगदी मायेनं पाहिलं हो. "ज्यानं लय मनावर घेतलं, त्यानं सोडावं."

म्हटलं, "काकू, मी बौद्ध. मला तुमचं प्रायश्चित्त कसं चालेल?"

"नियमाला जात न्हाई, आशाताई."

आता विचारून सांगते म्हणायचं, तर विचारायचं कुणाला? सिस्टर झाल्या, डॉक्टर झाले, माताजी झाल्या... विचारायला जगात माणूस उरला नव्हता! सोडली. साखर सोडली, वर्षभरासाठी, चहातली, शिऱ्यातली, सगळी. काकूंनी माझ्या हातावर पाणी घातलं, मी त्यांच्या णमोकार मंत्राला हात जोडले, आणि मंगळवारी अंगणवाडीत वीरधवलला डोस मिळाला. असा ओरडला, सिस्टरच्या कानाला दडे बसले. त्रिशला त्याला थोपटत होती आणि स्वतः रडत होती, आणि काकू दाराशी डोळे मिटून जप करत उभ्या होत्या, सुई निघेपर्यंत. मी म्हटलं, असू दे. साखरेवाचून माणूस मरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दार उघडलं, तर काकूंच्याच गल्लीतल्या तीन जैन आया आपापली पोरं कडेवर घेऊन डोसाला तयार होऊन उभ्या होत्या, आणि मी काय काय सोडायचं ते त्यांनी आधीच ठरवून आणलं होतं: तूप, दूध आणि मीठ.